‘भोंगा’ची दुसरी कॅसेट

कॅसेट सोमीच्या हातात पडली ती चौक गावात, मंगळ्याच्या गॅरेजात, एका टेंपोवाल्याच्या खिशातून. बँड हिचा, गाणी हिची, घसा हिचा, आणि कॅसेट निघाल्याची खबर द्यायला एक परका टेंपोवाला लागावा! डोकं फिरायला एवढंही पुरलं असतं. पण टेंपोवाला मोठ्या कौतुकानं पुढं म्हणाला, "पाच खोकी उतरवून आलो कारखान्यात. वर तुमचा फोटो दिसला, म्हणून एक काढून ठेवली तुमच्यासाठी."

"कुठल्या कारखान्यात?" सोमीनं विचारलं.

"मोहोपाड्याच्या. तुमच्याच की."

सोमीनं डबी उलटसुलट करून बघितली. वेष्टनावर तिघं होते. मधे ती, एका बाजूला गिटार घेतलेला पदू, दुसऱ्या बाजूला मंगळ्या. वर मोठ्या अक्षरांत ‘भोंगा : सेकंड शिफ्ट’. इथवर ठीक होतं. खाली मात्र कुणीतरी एक पणती काढली होती, आणि पणतीखाली ओळ होती, ‘कामगार बंधुभगिनींना दीपावलीनिमित्त व्यवस्थापनाकडून सप्रेम भेट’.

म्हणजे ज्या कारखान्याच्या नावानं बोंब मारायला हा बँड निघाला, त्याच कारखान्यानं तो विकत घेऊन मिठाईच्या पुड्याबरोबर वाटायला काढला होता. सोमीनं ती ओळ दोनदा वाचली आणि डबी मंगळ्याच्या अंगावर टाकली.

"लाव. दुसरी बाजू. शेवटचं गाणं."

शेवटचं गाणं ‘हजेरी’. त्या एका गाण्यासाठी ही दुसरी कॅसेट करायची होती. बाकीची सात गाणी गाळली असती तरी तिनं हूं की चूं केलं नसतं.

मंगळ्यानं हात पुसले आणि टेप लावला. त्याचेच ठोके आले. रसायनाच्या रिकाम्या पिंपावर मोठा ठोका, ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रमवर लहान. मग सोमीचा आवाज आला, गोड नाही, सुरेल तर नाहीच, गेटावर ओरडतात तसा. ‘भोंगा झाला, रांग धरा! नाव घेते, उत्तर द्या!’ आणि आता पहिलं नाव यायला हवं होतं.

नाव आलं नाही. गिटार आली. लग्नाच्या जेवणावळीत लावावी तशी लाडीक, हळुवार गिटार, आणि तिच्यामागं कसल्याशा मशीनवरच्या घंटा. पाऊण मिनिट ते चाललं. मग सोमीचा आवाज परत आला, शेवटची ओळ म्हणाला, आणि गाणं संपलं.

"टेप खराब आसंल," मंगळ्या म्हणाला.

"टेपला काय धाड भरली? परत लाव."

त्यानं परत लावली. या वेळी सोमी कान देऊन फक्त गिटार ऐकत राहिली. पदूची डाव्या हाताची करंगळी लहानपणी बैलाच्या दाव्यात अडकून मोडली होती. ती नीट दाबली जात नसे, आणि तिच्याखालची तार दर वेळी किंचित भुणभुणे. दोन वर्षं शेजारी उभं राहून गायलेल्या बाईला ती भुणभुण झोपेतही ओळखू आली असती. टेपमधली तार भुणभुणली. एकदा नाही, चार वेळा.

"ही पद्याची करंगळी हाय," सोमी म्हणाली. "माजी नावं कापली, आन् त्या भोकाला ठिगळ ह्यानं लावलंय."

मंगळ्यानं पाना उचलला आणि कुठल्याच नटाला न लावता तसाच हातात धरून बसला.

आता ही नावं कुणाची, ते सांगायला हवं. सोमीचे वडील कोंडीराम हे कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांचे मुकादम. रोज सकाळी भोंगा झाला की ते गेटाबाहेर उभे राहून हजेरी घेत. एकेकाच्या नावानं हाक मारायची, समोरच्यानं ‘हाय’ म्हणायचं. नाही म्हणाला तर दुसरी हाक. तरीही नाही, तर तिसरी. आणि तिसरी हाक मारल्यावर कोंडीराम थांबत. रस्त्याकडे बघत थांबत, शेतांच्या बांधांकडे बघत थांबत, कुणी धावत येत असेल तर त्याला पोचू देत. तरीही कुणी आलं नाही, की मगच म्हणत, ‘खाडा’. एकदा खाडा म्हटला की त्या दिवशी त्या माणसाला गेटाच्या आत घेत नसत, मग तो कितीही पाया पडो. पण तिसऱ्या हाकेआधी कोंडीरामांनी कुणाचा खाडा मांडला, असं आजवर कुणी म्हटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी रसायनाची टाकी साफ करायला सहा जणांना आत उतरवलं. टाकीत काय शिल्लक होतं ते सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. सहाही जण मेले. त्यांना ओढायला आत वाकलेले कोंडीराम जगले, पण घसा आणि छाती जळून गेली. चौकशी झाली तेव्हा ठेकेदारानं हजेरीचं मस्टर पुढं केलं. त्यात त्या दिवशी या सहांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ही माणसं आमच्याकडे कामाला नव्हतीच, आत कशी शिरली ते आम्हालाही ठाऊक नाही, असं त्यानं न शरमता सांगितलं. कोंडीराम साक्षीला उभे राहिले. आपण सकाळी सहाही हाका मारल्या आणि सहाही जण ‘हाय’ म्हणाले, हे ते जीव तोडून सांगत होते. चौकशी करणाऱ्या साहेबानं कागदावर लिहिलं, ‘साक्षीदाराचे बोलणे समजले नाही.’

त्या वाक्यानं सोमीला गायला लावलं. नाहीतर ती बुद्धवाड्यातल्या इतर मुलींसारखी पॅकिंगला जात होती आणि भीमजयंतीला कोरसमध्ये मागं उभी राहत होती. मंगळ्याला एका बदली झालेल्या साहेबाच्या भंगारात विलायती कॅसेटी मिळाल्या होत्या. त्यातली पोरं तीनच सूर वाजवत आणि बेंबीच्या देठापासून ओरडत. गोऱ्यांची भाषा तिघांनाही कळत नव्हती, राग मात्र पहिल्या झटक्यात कळला. तेवढं आपल्यालाही जमेल, असं पदू म्हणाला. पदू म्हणजे त्या सहांपैकी बुधाजीचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच साहेबाची जुनी गिटार त्यानं भाताच्या दोन गोणी देऊन घेतली.

पहिली कॅसेट पनवेलच्या एका फोटोस्टुडिओच्या माडीवर एका दिवसात केली. चौकच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांनी ती झिजेपर्यंत वाजवली. मुंबईच्या एका पेपरानं लिहिलं, की हे म्हणे विलायती धर्तीचं पंक आणि न्यू वेव्ह संगीत. सोमी म्हणाली, "काय म्हणायचं ते म्हणा, फक्त मोठ्यानं वाजवा." मग दादरचा कॅसेटवाला शेठ दारात आला. दुसरी कॅसेट मोठ्या स्टुडिओत करू, असं तो म्हणाला. त्याच्याशी बोलणं, कागद बघणं पदूकडे होतं, कारण तिघांत बारावी झालेला तोच.

‘हजेरी’ बसवताना सोमीनं वडलांना नावं विचारली होती. नावं तिला पाठ होती, क्रम हवा होता. कोंडीरामांनी तोवर तिच्या गाण्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. ती तालीम करायला लागली की भिंतीकडे तोंड करून पडत. त्या दिवशी मात्र उठून बसले. घासलेल्या पत्र्यासारख्या आवाजात एकेक नाव सांगितलं. मोरू पहिला. बायकांत मोतीबाई आधी, अंबूबाई नंतर, कारण रांगेत तशा उभ्या राहत. बुधाजी सगळ्यात शेवटी. तो खालापूरकडून बांधाबांधानं पळत यायचा आणि बहुतेक तिसऱ्या हाकेला पोचायचा.

कॅसेट ऐकून गॅरेजातून तडक निघालेल्या सोमीला पदू शिळफाट्याच्या बाजारात सापडला. बुधाजीच्या तीन पोरांना घेऊन आकाशकंदील घेत होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला, पण तो पळाला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

"नावं कुटं गेली, पद्या?"

"पोरांसमोर नको सोमे."

"पोरांसमोरच सांग. त्यांच्या बापाचं नाव व्हतं त्यात."

पदूनं पोरांना पलीकडच्या दुकानाशी पाठवलं. "शेठ म्हनला, नावं ठेवली तर कोन इकत घेनार नाय. कोर्टाचं लफडं नको. नायतर मूळ टेप कपाटात ठेवतो, बसा बोंबलत. कारखान्याचा साहेब म्हनला, नावं काढा, आमी सगळ्या कामगारांना वाटतो. आन् दादाच्या जागी मला परमनंट करतायत. दिवाळीनंतर."

"आन् तू हो म्हनलास."

"तीन पोरं हायत, सोमे. वहिनी हाय. नाव घेऊन दादा परत येनार हाय का?"

पोरं पलीकडे लाल कंदील घ्यायचा की पिवळा यावरून भांडत होती. त्यांच्याकडे बघून सोमीचा राग क्षणभर अडखळला, खोटं कशाला सांगा. नोकरी घे, असं तिनंच त्याला सांगितलं असतं. वाघासारखा जा आणि घे, तुझ्या भावाच्या जिवाची आहे ती. पण नावं विकून? आणि तीही एकट्याची नाही, सहाही?

"मोतीबाईच्या पोरीला इचारलंस? मोरूच्या म्हातारीला? मला इचारलंस?"

"तू नाय म्हनली आसतीस."

"म्हनून इचारायचं नाय?"

पदूनं मान खाली घातली. "शेठ त्या जागी भाड्याचा गिटारवाला आननार व्हता," तो हळूच म्हणाला. "मीच म्हनलो, माज्या भावाच्या जागी परका मानूस वाजवनार नाय. मीच वाजवतो."

तो हे अगदी मनापासून बोलला. त्यानंच सोमीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाचं तोंड दाबायचं, आणि वर स्वतःच्या मायेच्या हातानं दाबलं म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं! तिला त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. पण पोरं कंदील नाचवत परत आली, आणि ती तशीच वळून बसच्या थांब्याकडे चालायला लागली.

घरी आल्यावर तिनं वडलांना सांगितलं. चुलीपुढं बसलेली आई, जानकीबाई, रडायला लागली. कोंडीराम रडले नाहीत.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

त्यांनी खुंटीवरचा सदरा ओढून काढला. मग बायकोला म्हणाले, "माजा खाकी सदरा धुवून ठेव. वाटपाला येनार हाय मी."

वाटप वसुबारसेला ठेवलं होतं, संध्याकाळी पाचला, स्टाफ कॉलनीच्या मैदानात, आणि ‘भोंगा’लाही स्टेजवर बोलावलं होतं. मांडव, पताका, पुढं साहेबांच्या खुर्च्या. त्यात मधोमध हार घातलेला ठेकेदार, कारण मिठाई त्याच्याकडून होती. मागं सतरंज्यांवर कामगार आणि त्यांची बायकापोरं, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पुडा आणि पुड्यावर एकेक कॅसेट. पहिल्या सतरंजीच्या कडेला कोंडीराम खांबाला टेकून बसले होते. सदरा त्यांना आता दोन माणसांएवढा होत होता.

कारखान्याचा एक अधिकारी स्टेजमागं आला आणि हसून म्हणाला, "तुम्ही काही वाजवायचं नाही हं. टेप लागेल, तुम्ही नुसते उभे राहा आणि तोंड हलवा. माइकही बंदच आहेत. फोटो छान येतील."

"बरं," सोमी म्हणाली.

ती इतकं निमूटपणे ‘बरं’ म्हणाल्यावर मंगळ्यानं तिच्याकडे चमकून बघितलं. मग खाली वाकून टेपरेकॉर्डरची वायर कुठून कुठं गेलीय ते बघून ठेवलं. पदू लांब उभा होता. नवा शर्ट घातला होता. त्यानं सोमीच्या नजरेला नजर दिली नाही.

‘हजेरी’ लागली. कर्ण्यातून ठोके आले, कर्ण्यातून सोमीचा आवाज आला, आणि स्टेजवरच्या सोमीनं शहाण्या मुलीसारखं तोंड हलवलं. भोंगा झाला, रांग धरा. नाव घेते, उत्तर द्या. मग ती लाडीक गिटार सुरू झाली. मंगळ्यानं पाय लांब केला आणि वायर उपटली.

मैदान एकदम गप्प झालं. त्या शांततेत सोमी स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि तिनं हाक मारली, बापानं आयुष्यभर मारली तशी.

"मोरूऽऽ!"

मंगळ्यानं पिंपावर ठोका दिला. कुणी बोललं नाही. पुढच्या खुर्च्यांवर चुळबुळ झाली. अधिकारी स्टेजकडे धावला, पण टेप चालेना आणि बाई थांबेना, तर नेमकं काय बंद करायचं ते त्याला समजेना.

"मोरूऽऽ!"

बायकांनी पुडे घट्ट धरले. सोमीला तेव्हा भीती वाटली, साहेबांची नाही, या माणसांची. ही माणसं अशीच बसून राहिली तर? पुडा उचलून घरी गेली तर? मग कापलेली नावं पदूनं कापली असं नाही म्हणता येणार, सगळ्यांनीच कापली म्हणावं लागेल. तिसरी हाक मारताना तिचा आवाज फाटला.

"मोरूऽऽ!"

"हाय!" मागून एक म्हातारी ओरडली. मोरूची आई होती ती. पुडा तिच्या मांडीवरून खाली पडला. "हाय गं माय, हाय! माजा मोरू हाय!"

मग थोपवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. हिरूला त्याच्या सासऱ्यानं उत्तर दिलं. कमळ्याला त्याच्या रांगेतल्या चौघांनी एकदम. मोतीबाईला तिच्या लेकीनं, अंबूबाईला तिच्या नवऱ्यानं, आणि प्रत्येक ‘हाय’वर मंगळ्याचा ठोका असा पडत होता की मांडवाच्या पताका हलत होत्या. ठेकेदार उठून उभा राहिला. "ही असली माणसं आपल्याकडे नव्हतीच!" तो साहेबांना सांगत होता, पण त्याचं बोलणं आता त्याच्या शेजाऱ्यालाही ऐकू जात नव्हतं.

राहिलं शेवटचं नाव.

"बुधाजीऽऽ!"

सगळ्यांच्या माना स्टेजवर पदूकडे वळल्या. बुधाजीची बायको-पोरं गावी होती. इथं त्याचं म्हणून एकच माणूस होतं, आणि ते सोमीपासून चार हातांवर उभं होतं.

पदूनं ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदारानंही त्याच्याकडे बघितलं, एकटक.

"बुधाजीऽऽ!"

पदूचे ओठ हलले. आवाज नाही आला. सोमीचा राग तसाच होता, आणि त्याखाली ती मनातल्या मनात त्याची विनवणी करत होती. बोल रं मेल्या, एक शब्द बोल. नोकरी मागून देऊ आपण सगळे मिळून, भांडून देऊ. आता तेवढं बोल.

"बुधाजीऽऽ!"

तिसरी हाक झाली. सोमी थांबली, कोंडीराम थांबत तशी. मैदानापलीकडच्या भाताकडे बघत, रस्त्याकडे बघत, बांधावरून कुणी धावत येतं का ते बघत. पुरेपूर थांबली. मंगळ्यानं काठी वर धरून ठेवली होती. पदू गिटारीच्या तारांकडे बघत राहिला.

खांबाला धरून कोंडीराम उठले. जानकीबाईनं हात द्यायला बघितलं, तो त्यांनी बाजूला केला. साक्षीला उभे होते तेव्हा ज्यांचं बोलणं समजलं नव्हतं, त्यांचा तो पत्रा घासल्यासारखा आवाज मैदानाच्या शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला, कारण कुणी श्वासही घेत नव्हतं.

"बुधाजी हाय," ते म्हणाले. "मी हाक मारली, त्यानं उत्तर दिलं. माज्या कानानं ऐकलंय."

दम लागला म्हणून ते थांबले. मग त्यांनी स्टेजकडे मान वळवली.

"पदू. खाडा."

कुणी ओरडलं नाही, कुणी त्याला शिवी दिली नाही. पदूनं गळ्यातला पट्टा काढला, गिटार स्टेजवर आडवी ठेवली आणि मागच्या पायऱ्या उतरून गेला. खाडा पडल्यावर गेटापासून निघून जायचं असतं, हे मोहोपाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. सोमीनं त्याला थांबवलं नाही. तिनं मंगळ्याकडे बघून मान हलवली, आणि पुन्हा पहिल्या नावापासून हजेरी सुरू केली.